दोघं एकाच कागदावर

जिमो फोटोवाल्याबद्दल आमच्या इकिरुन गावात कुणालाही विचारा, एकच ऐकायला मिळेल: म्हातारपणी माजला. मोठ्यांना नमस्कार करीना, बाजूनं हाक मारली तर मान वळवीना, हातातली कला गेली तरी तोरा जाईना. मेले एकेक! त्याच्या दुकानाला आणि माझ्या शिवणाच्या दुकानाला ओटा एकच, माझा सगळा जन्म त्या ओट्यावर गेला. त्याला काही बोलायचं असेल तर मी बोलेन, बाकीच्यांनी तोंड सांभाळावं. मी सेगी, मुयिवाची आई. जिमोहून वयानं मोठी, म्हणून तो मला अक्का म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायची.

बोलायला तो भारी कंजूस. मी सकाळपासून तोंडाचा पट्टा चालवायची आणि तो हूं हूं करत भिंगं पुसायचा. पण गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की वेगळाच माणूस. हनुवटी दोन बोटांनी अशी उचलायचा, की भाजी विकणारी बाईसुद्धा राजाची आई दिसायची. मागे जिन्याचं चित्र रंगवलेला पडदा होता. तो जिना आमच्या अर्ध्या गावाच्या घरात भिंतीवर टांगलेला आहे, आणि एकाच्याही घराला खरा जिना नाही.

फोटो काढणं म्हणजे निम्मंच काम, असं तो म्हणायचा. उरलेलं मागच्या काळोख्या खोलीत. तिथे त्याचं मोठं यंत्र होतं, एन्लार्जर. लोखंडी खांबावर पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं डोकं, आत दिवा, दिव्याखाली दोन जाडजूड भिंगं, त्यांच्याखाली फिल्म ठेवायची खाच. वरून दिवा लावला की फिल्ममधलं बोटभर माणूस खालच्या कागदावर हातभर होऊन पडायचं. दिवा तीन स्क्रूंवर तोललेला. तो जरा कुठे सरकला की उजेड एका बाजूला जास्त पडतो, आणि जिथे जास्त पडतो तिथे फोटो काळा येतो, दुसरीकडे फिक्का. म्हणून जिमो दर आठवड्याला दिवा सरळ करायचा. फिल्म काढायची, खाली कोरा कागद ठेवायचा, आणि नुसता उजेड बघत स्क्रू फिरवायचे.

हे बघण्याचीही रीत होती. त्याचा उस्ताद परमुलखात, कुमासीला शिकून आलेला, त्यानं घालून दिलेली. कोपऱ्याकडे बघायचं नाही. कोपऱ्याकडे बघितलं की डोळा तिथल्या उजेडाला सरावतो आणि खोटं सांगतो. नजर कागदाच्या मध्यावर ठेवायची, हलवायची नाही, आणि चारी कोपरे आपोआप दिसू द्यायचे. चारी सारखे दिसले की दिवा सरळ. जिमोनं ही रीत जन्मभर पाळली. तो पाठीवर हात बांधून त्या कागदाच्या मध्याकडे इतका वेळ बघत उभा राहायचा, की मी दाराबाहेरून ओरडायची, अरे जिवंत आहेस का गेलास?

त्याचं नाव झालं ते जुळ्यांच्या फोटोंमुळे. आमच्याकडे जुळी घरोघरी. पहिलं येतं ते तायवो, मागून येतं ते केहिंदे, मग मुलगा असो की मुलगी. दोघांचा जीव अर्धा अर्धा. त्यातलं एक मेलं तर मेलं म्हणायचं नाही, बाजाराला गेलं म्हणायचं. आणि त्याची जागा रिकामी ठेवायची नाही, नाहीतर मागे राहिलेलं झुरतं. आमच्या आज्या लाकडाची बाहुली करून घ्यायच्या, तिला न्हाऊ घालायच्या, जेवू घालायच्या. पुढे निम्मं गाव मशिदीत जायला लागलं, निम्मं चर्चमध्ये, आणि लाकडाची बाहुली चोरून ठेवायची गोष्ट झाली. मग फोटो आला. उरलेल्या पोराला दोनदा बसवायचं. बाजाराला गेलेली मुलगी असेल आणि उरलेला मुलगा, तर एकदा त्याच्या कपड्यांत, एकदा तिच्या. दोन्ही फिल्मा मधोमध कापून जिमो अशा जोडायचा की सांधा कुठे ते देवाला कळू नये. एकाच कागदावर दोघं शेजारी शेजारी. चवळी शिजली की बाया पहिली वाटी त्या फोटोपुढे ठेवतात, आणि इमाम घरी आले की फोटो भिंतीकडे तोंड करून लावतात.

एक अट होती. कागद एकच हवा. दोन फोटो काढून चिकटवलेले कुणी घेत नाही, कारण ते दोघांना एकत्र बसवणं नव्हे. आणि दोघं सारखी यायला हवीत. एक ठसठशीत आणि एक पुसट, हे चालत नाही.

जिमोची बायको लवकर गेली. एक मुलगी, कुदी. ती ट्रक चालवणाऱ्याला दिली, आणि तिला जुळं झालं: मुलगी आधी, मुलगा मागून. बारशाला मी दोघांना एकाच निळीच्या कापडाचे कपडे शिवले होते. जिमो त्या दिवशी इतका बोलला की मला वाटलं ह्याला ताप आलाय. पोरं चालायला लागली तशी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. केहिंदे गडबड्या, हाताला लागेल ते पाडणार. तायवो मात्र मांडीवर हात ठेवून नुसती बघत बसायची, एखाद्या सासूसारखी.

आणि सांगायला मला राग येतो, अजून येतो: सगळ्या गावाची पोरं ह्या माणसानं कागदावर आणली आणि घरच्या दोघांचा एक फोटो नाही. आज गिऱ्हाईक आहे, उद्या उजेड बरा नाही, ईदला नव्या कपड्यांत काढू. त्या थंडीत धुळीचा वारा सुटला आणि गावात गोवर आला. दोघांनाही झाला. केहिंदे उठला, तायवो बाजाराला गेली.

जिमो रडला नाही. दुकान उघडायचा, भिंगं पुसायचा, बंद करायचा. केहिंदे मात्र जेवेना. ताटली पुढे ठेवली की दुसरी कुठाय म्हणायचा, आणि दुसरी ठेवली तरी हात लावायचा नाही. कुदीची सासू म्हणाली, पोरीला तिच्या जागी बसवा, तोवर हा असाच राहणार. तेव्हा कुदी बापाकडे आली. मी तिथेच होते. जिमोनं सगळं ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर मला म्हणाला, "अक्का, लोकांच्या आयांसाठी मी हे काम म्हणून केलं. मला आता खरंच तिला त्याच्या शेजारी बघायचंय. एकदाच, दोघांना. बाकी मला काही नको." ह्या माणसाच्या तोंडून त्या बारशानंतर एवढं लांबलचक मी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच निळीच्या कापडातलं थोडं माझ्याकडे उरलं होतं. मी केहिंदेच्या मापाचा मुलीचा झगा शिवला. आधी त्याला मुलग्याच्या कपड्यांत बसवलं, तेव्हा तो चुळबुळ करत होता. मग झगा घातला, गळ्यात तिचे मणी घातले. कुदी तोंडावर पदर धरून बाहेर गेली. पोरानं स्वतःच्या अंगाकडे बघितलं, मग कुणी काही न सांगता मांडीवर हात ठेवले आणि तिच्यासारखा नुसता बघत बसला. जिमो काळ्या फडक्याखाली होता, बराच वेळ बाहेर आला नाही. 

पहिला फोटो त्यानं बाहेर आणला. डावीकडे तायवो, काळीभोर, मण्यांसकट ठसठशीत. उजवीकडे केहिंदे धुरासारखा. नाक आहे की नाही कळेना. बाहेर लख्ख उजेडात फोटो डोळ्यांजवळ धरून जिमोनंही ते बघितलं, एकीकडे मग दुसरीकडे, आणि म्हणाला, दिवा सरकलाय. आत गेला, दिवा सरळ केला, पुन्हा छापला. पुन्हा तेच. नवा बल्ब आणला, तेच. भिंगं धुतली, खांबाखाली पुठ्ठे सारले, फिल्मा पुन्हा जोडल्या, आणि दर वेळी दिवा त्याच्या रीतीप्रमाणे सरळ केला, मध्यावर नजर ठेवून, कोपरे सारखे दिसेपर्यंत. दर वेळी डावी बाजू काळी आणि उजवी फिक्की.

कुदीनं तो फोटो बघितला तेव्हा ती किंचाळली नाही, उलट आवाज खाली आणला. "बाबा, जी गेली तिला तुम्ही भरभरून काढलंत आणि जो आहे त्याला पुसलंत. मी हा घरात लावू?" जिमोनं फिल्मा उलट बाजूंना लावून बघितलं, मुलगा डावीकडे, मुलगी उजवीकडे. आता पोरगी धूर झाली. कुदी म्हणाली, हिला असं अर्धवट बसवलं तर ती रुसून त्याला घेऊन जाईल. आणि तिनं कागद जिमोच्या हातात परत दिला.

बाकीची कामंही बिघडत चालली होती. शाळेच्या पोरांचे फोटो अर्धे फिक्के, हेडमास्तरांनी गठ्ठा परत पाठवला. गिऱ्हाईकं ओशोग्बोला जायला लागली, तिथे रंगीत फोटोची दुकानं निघाली होती. आणि त्याचं चालणं-वागणंही मेलं विचित्र झालं. ओट्यावर माझ्या पेजेचं भांडं लाथाडलं आणि भांडं इथे कुणी ठेवलं म्हणून मलाच विचारलं. एका बारशाच्या मांडवात ओलोये बसले होते, गावातले सगळ्यांत वडीलधारे. भला माणूस त्यांच्यापुढे जमिनीवर आडवा होतो. हा त्यांच्या अंगावरून निघून गेला, मानसुद्धा लववली नाही. ओलोये म्हणाले, "फोटोवाल्याला आता आम्ही चित्रात मावत नाही वाटतं." सगळा मांडव हसला. मी त्याला घरी येऊन झाप झाप झापलं. तो म्हणाला, ओलोये आलेच नव्हते. मी कपाळाला हात लावला.

मग कुदी पोराला घेऊन ओशोग्बोला गेली. रंगीत दुकानातल्या पोरानं सांगितलं, आमची फिल्म लागोसला जाते, तिथलं यंत्र एका कागदावर दोघांना जोडत नाही. ती तिथून सरळ माझ्या ओट्यावर आली आणि माझ्या कापडाच्या ढिगावर डोकं ठेवून रडली. केहिंदे तिच्या पाठीवर झोपला होता, त्याच्या मनगटाची हाडं दिसत होती. माझं डोकं सणकलं. मी उठले आणि जिमोच्या काळोख्या खोलीचं दार ठोठावलं. तिथे तो कुणाला येऊ द्यायचा नाही, बायकोलाही कधी दिलं नव्हतं. मी म्हटलं, दार उघड नाहीतर मी ते उखडून काढेन.

त्यानं घेतलं आत. छोटासा तांबडा दिवा, औषधाचा उग्र वास, मधे ते यंत्र. मी म्हटलं, दाखव मला काय सरळ करतोस ते. त्यानं फिल्म काढली, कोरा कागद ठेवला, दिवा लावला. पाठीवर हात बांधले, मध्यावर नजर रोवली, मग एक स्क्रू किंचित फिरवला. "बघ. चारी कोपरे सारखे. ह्याच्याहून सरळ करता येणार नाही."

मी बघितलं. मी जन्मभर कापड बघितलंय, कुठला तागा उन्हात विटलाय ते मला लांबून कळतं. कागदाच्या डाव्या बाजूला दुपार होती आणि उजव्या बाजूला दिवेलागण. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, तू कोपऱ्याकडे बघतेयस. मी म्हटलं बरं, आणि त्याच्यासारखी मध्याकडे बघत उभी राहिले. तसंच दिसलं. डावीकडे लख्ख, उजवीकडे मंद. तो हसला, शिलाईवालीला उजेडातलं काय कळणार म्हणाला. मला इतकी चीड आली की मी माझा हात कागदाच्या डाव्या टोकावर ठेवला, उजेडात, पंजा पसरून.

मी म्हटलं, "हा हात तरी दिसतोय का तुला?"

"कुठला हात?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याची नजर मध्यावर होती आणि चेहरा शांत. माझा हात तिथे दिव्याखाली होता, अंगठीसकट.  मग त्यानं मान वळवली आणि हात त्याला दिसला. परत मध्याकडे बघितलं, गेला. मान वळवली, आला. असं त्यानं पुष्कळदा केलं. मग स्टुलावर बसला आणि म्हणाला, "म्हणजे ओलोये तिथे होते." मला हसू की रडू कळेना. मी तो दिवा बंद केला, कारण त्याचं तोंड मला बघवत नव्हतं.

इबादानच्या दवाखान्यात मीच त्याला घेऊन गेले. डॉक्टरीण बाई चांगली होती, घाई न करता बोलली. डोळ्यांत दाब वाढलाय, कडेची नजर आधी जाते, डावीकडची बरीच गेली आहे, गेलेलं परत येत नाही. थेंब दिले, ते उरलेलं थोपवतील म्हणाली, जमेल तेवढे दिवस.  परतीच्या गाडीत जिमो कधी हा डोळा मिटून बघायचा, कधी तो. शेवटी म्हणाला, "दिवा सरळच असायचा अक्का. डावीकडचा उजेड मला कमी दिसायचा, म्हणून आत जाऊन तो वाकडा मी करत होतो." मी त्याला गप्प बस म्हटलं. 

मी म्हटलं, तुझे हात आहेत, माझे डोळे आहेत, चल आपण करू. पण तेवढंही धड होईना. छापायचा कागद संपला होता. सगळे रंगीताच्या मागे लागलेले, काळ्या-पांढऱ्याचा कागद ओशोग्बोत मिळेना. लागोसला निरोप धाडले, कुदीच्या नवऱ्यानं ट्रक थांबवून थांबवून चौकशी केली. पाऊस आला, नवं कोनफळ बाजारात आलं, तरी कागद नाही. तेवढ्यात जिमोची उजवी बाजूही विझत गेली. तो माझ्याकडे बघून बोलायचा तेव्हा नुसतं तोंड दिसतंय म्हणायचा, कान दिसत नाहीत. मी म्हटलं, माझ्या कानांत बघण्यासारखं काही नाही. तो हसायचा, बिचारा. दाराची चौकट हातानं चाचपून आत जायचा.

कागद आला त्या दिवशी आम्ही दुपारीच आत गेलो. तो स्क्रू धरून उभा, मी कागदावर वाकलेली. मी सांगायची डावीकडे जास्त, तो वळसा द्यायचा. मी म्हणायची आता खालचा कोपरा मेला, तो शिव्या घालायचा, माझ्या शिलाईला नव्हे, माझ्या बोलण्याला. किंचित म्हणजे किती गं? तुझ्या किंचितात माझा बल्ब खाली पडेल. आम्ही दोघं इतके भांडलो की कुदी बाहेरून विचारायला लागली काय चाललंय. शेवटी एकदा कागद सगळीकडून एकाच रंगाचा झाला, धुवून वाळत घातलेल्या चादरीसारखा. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मध्याकडे बघितलं, कोपऱ्यांकडे बघितलं, रीत मोडून सगळीकडे बघितलं. मग म्हटलं, झालं. त्यानं स्क्रू आवळले आणि हात कापडाला पुसले.

फिल्मा जोडण्याचं काम त्यानं आधीच बोटांनी चाचपून केलं होतं. छापलं, कागद औषधाच्या ताटात सोडला. तांबड्या दिव्याखाली आधी मणी वर आले, मग दोन चेहरे बरोबरच आले, पुढेमागे नाही. माझ्या तोंडून हुंदका फुटला. तो माझ्या आवाजाकडे कान देऊन उभा होता. मी म्हटलं, सारखी आलीत रे, अगदी सारखी. तो म्हणाला, बाहेर नेऊन बघ, इथे खोटं वाटतं.

बाहेर नेलं. उन्हात ती दोघं एकाच जिन्याच्या पायथ्याशी बसलेली, दोघंही काळीसावळी, तजेलदार. हा चुळबुळ्या, ती हात मांडीवर ठेवून. सांधा मलाही सापडला नाही. कुदीनं फोटो छातीशी धरला आणि डोळे मिटून उभी राहिली. केहिंदेनं तो तिच्याकडून ओढून घेतला, मुलीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि तिचं नाव घेतलं. मग भूक लागली म्हणाला. कुदी धावतच बाजूच्या बाईकडून चवळीची भजी घेऊन आली. त्यानं दोन ढीग केले, एक फोटोपुढे ठेवला आणि दुसरा खायला बसला. पोराला तोंड हलवताना बघून मी देवाचे आभार मानले. वाटलं, संपलं एकदाचं.

मग जिमोनं हात पुढे केला. कुदीनं फोटो त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. त्यानं मान थोडी इकडे केली, थांबला. मग तिकडे केली, थांबला. पुन्हा इकडे. कुदीला वाटलं तो एकेकाला निरखतोय, ती हसून म्हणाली, बाबा, आहेत ना सारखी?  त्यानं हात लांब करून फोटो धरला, मग माझ्याकडे दिला आणि म्हणाला, "अक्का, जरा लांब जाऊन धर."

मी ओट्याच्या टोकाला गेले. अजून लांब, म्हणाला. मी रस्त्यात उतरले, फोटो दोन्ही हातांनी उंच धरला. मागून ट्रकवाला भोंगा वाजवत होता, शिव्या देत होता, पण मी हलले नाही. मी ओरडून विचारलं, आता? जिमो डोळे बारीक करून बघत राहिला. मग म्हणाला, "आता दोघं मावतात. पण तोंडं दिसत नाहीत. कोण कुठलं ते कळत नाही."

मी परत आले. फोटो त्याच्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसले. कुदी आता हसत नव्हती, तिला कळलं होतं. मी म्हटलं, अरे एकेक करून बघ ना, काय बिघडलं, दोघं तिथेच आहेत, मी बघतेय ना. त्यानं वाकून कागदाला जवळजवळ नाक लावलं. बोट आधी मण्यांवर ठेवलं, मग सरकवत मुलाच्या गळ्यावर आणलं, तिथून परत मण्यांवर.

तो म्हणाला, "ही दिसते तेव्हा तो नसतो. आणि तो दिसतो तेव्हा ही नसते."